माळ्यावरच्या पिवळ्या पिशवीला हात लावू नका

प्रिय आई, बाबा, आणि आजीला साष्टांग नमस्कार,

आई, तुझा मेसेज काल रात्री बघितला, "बिल्डरने घर सोडायची तारीख दिली, माळा रिकामा करायला घेतलाय" आणि खाली बाबांचा स्टुलावर चढलेला फोटो. बाबा, तुम्ही ६७ वर्षांचे आहात, दादा काय शोभेला ठेवलाय का घरात, त्याला चढू दे की. पण मला धस्स झालं ते स्टुलामुळे नाही. फोटोत तुमच्या डोक्यामागे, जुन्या कुकरच्या खोक्याच्या आड, ती पिवळी नायलॉनची पिशवी दिसली मला, सुतळीने तोंड बांधलेली. आई, त्या पिशवीला हात लावू नकोस. रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच. लांबलंय जरा, चहा घेऊन बस, आणि आजीला मोठ्याने वाचून दाखव, फक्त बिअरचा भाग आला की तुला योग्य वाटेल ते कर.

तर झालं असं की मी गेल्या आठवड्यात खुनांच्या जत्रेला जाऊन आले.

खरंच सांगते. इथे लीड्सहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत हॅरोगेट म्हणून गाव आहे, आपल्याकडे पूर्वी लोक हवापालटाला पाचगणीला जायचे ना तसं इथल्या श्रीमंत लोकांचं ठिकाण, फक्त डोंगराऐवजी गंधकाच्या पाण्याचे झरे. लोक ते पाणी औषध म्हणून प्यायचे. जुन्या पंप रूमच्या बाहेरून गेलं की अजून सडक्या अंड्यासारखा वास येतो, आजी, तू वज्रेश्वरीहून आल्यावर तुझ्या पातळाला यायचा तसाच. तर ह्या गावात दर जुलैत चार दिवस क्राइम रायटिंगचा फेस्टिवल भरतो, २००३ पासून. चार दिवस नुसते रहस्यकथा लिहिणारे आणि वाचणारे. आणि पैसे देतं कोण, तर थीकस्टन म्हणून १८२७ पासूनची बिअरची कंपनी आहे त्यांची ओल्ड पिक्युलिअर नावाची काळीकुट्ट बिअर, तिच्याच नावाने अख्खा फेस्टिवल. गुरुवारी संध्याकाळी वर्षातल्या सगळ्यात भारी क्राइम कादंबरीला बक्षीस देतात, ३००० पौंड आणि ओक लाकडाचं कोरीव पिंप. पिंप! आपल्याकडे शाल आणि नारळ, इथे पिंप. २००५ पासून देतायत, आणि वाचकांची मतंपण मागवतात त्यात.

मला घेऊन गेली माझ्या ऑफिसमधली ती बाई, जिच्याबद्दल मी सांगते ना नेहमी, जी मला थंडीत स्वतःची मोज्यांची जोडी देऊन गेली होती. ती पंधरा-सोळा वर्षं न चुकता जाते. तिचा थाट बघून मला सवाईचीच आठवण आली, पाठीला सॅक, त्यात थर्मास, सँडविचेस, पातळ ब्लँकेट, दोन छत्र्या, आणि पोचल्या पोचल्या हॉटेलच्या हिरवळीवर दोन आरामखुर्च्यांवर एकेक स्वेटर टाकून जागा धरली. आपण रुमाल टाकतो, हे स्वेटर टाकतात, माणसं सगळीकडे सारखीच. तिकिटाचा आकडा सांगत नाही, आई पत्र तिथेच मिटेल.

आता आजीसाठी गोष्ट. हा फेस्टिवल ज्या हॉटेलात असतो ना, ओल्ड स्वॉन, सगळ्या भिंतींवर वेल चढलेली, ते हॉटेल साधं नाही. अगाथा ख्रिस्ती माहितीये ना आजी, बाबांनी तुला तिची भाषांतरं वाचून दाखवलेली, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. तर १९२६ च्या डिसेंबरमध्ये ३ तारखेला रात्री, पोरगी झोपलेली असताना, ही बाई गाडी घेऊन घरातून निघून गेली. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली एका उतारावर झुडपात अडकलेली, आत फरचा कोट आणि लायसन्स, बाई गायब. हजारावर पोलीस कामाला लागले, गावोगावचे लोक शोधायला, वरून विमानं. शेरलॉक होम्सवाले कॉनन डॉयल, त्यांनी तर तिचा हातमोजा एका अंगात येणाऱ्या माणसाकडे नेऊन दाखवला, एवढा तर्क तर्क करणारा माणूस आणि शेवटी गेला कुठे तर मांत्रिकाकडे! सगळ्यांना वाटलं नवऱ्याने मारली. आणि ११ दिवसांनी बाई सापडली कुठे, तर तीनशे किलोमीटरच्या वर लांब, ह्याच हॉटेलात. मजेत राहत होती, संध्याकाळी नाचत होती, पेपरात स्वतःच्या हरवल्याच्या बातम्या येत होत्या त्या टेबलावर पडलेल्या. हॉटेलच्या बँडमधल्या बँजो वाजवणाऱ्याने ओळखलं तिला. आणि आजी, गंमत पुढेच आहे, हॉटेलच्या रजिस्टरमध्ये तिने नाव लिहिलं होतं केप टाउनच्या मिसेस नील. नील हे आडनाव कोणाचं? नवऱ्याने जिच्यापायी घटस्फोट मागितला होता त्या मुलीचं. पुढे आत्मचरित्र लिहिलं तर त्यात ह्या ११ दिवसांबद्दल एक अवाक्षर नाही. मला माहितीये तू आत्ता काय म्हणालीस, "बरं केलं बाईने". मीपण तेच म्हटलं, माझ्या ऑफिसवाल्या बाईने तर त्यावर ग्लास उचलला.

मी त्या हॉटेलच्या जिन्यावर दोन मिनिटं उगाच उभी राहिले. कठड्याचं लाकूड हाताने हाताने इतकं गुळगुळीत झालंय की आपल्या वाड्यातल्या जिन्याची आठवण झाली, फक्त तिथे दोरी होती धरायला.

बरं आता मुख्य कार्यक्रम. लेखकांचे कार्यक्रम म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आपला वसंत व्याख्यानमालेचा नमुना, स्टेजवर टेबल, टेबलावर निळा कपडा, तांब्याभांडं, अध्यक्षांचा परिचय वीस मिनिटं. इथे तसलं काहीच नाही. चार लेखक आणि एक बोलतं करणारा, बरोबर एक तास, कोणी कोणाची ओळख करून देत बसत नाही, पहिल्या मिनिटापासून एकमेकांची खेचायला सुरुवात. इतके रक्तबंबाळ लिहिणारे लोक इतके हसरे कसे असतात कळत नाही. एकाने सांगितलं की शेजारी कोणी नीट वागलं नाही की पुढच्या पुस्तकात त्याच्या नावाचं प्रेत. प्रश्नोत्तरांच्या आधी त्या सूत्रधार बाईने सांगितलं की प्रश्न म्हणजे ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं ते. सगळे हसले, मी जरा जास्तच हसले कारण मला आपले ते टिळक रोडचे काका आठवले, "माझा प्रश्न नाही, मी फक्त दोन मुद्दे मांडणार आहे" आणि मग १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी व्याख्यानमाला सुरू केली तिथपासून.

आणि कार्यक्रम संपला की लेखक कुठे पळून जात नाहीत. तिथेच हिरवळीवर, हातात ग्लास, तुमच्या शेजारी. मी टॉयलेटच्या लाइनमध्ये जिच्याशी दहा मिनिटं लीड्सच्या घरभाड्यावर बोलत होते ती बाई नंतर स्टेजवर दिसली, तिची म्हणे सगळी पुस्तकं मिळून लाखांनी खपलीत.

एक फजिती सांगते. शुक्रवारी दुपारी कॉफीसाठी लाइनमध्ये उभी राहिले, चाळीस मिनिटं, रविवारी बेडेकरांच्या बाहेर मिसळीला असते तेवढी लाइन, मी मनात म्हटलं कॉफी काहीतरी खास असणार. पुढे पोचल्यावर कळलं ती कॉफीची लाइन नाहीच, प्रकाशक लोक प्रूफ वाटत होते. प्रूफ म्हणजे पुस्तक बाजारात यायच्या आधीची कच्ची प्रत, फुकट. लोक ह्याच्यासाठी मारामाऱ्या करतात. मला एक मिळालं, कॉफी मिळाली नाही, मग ऑफिसवाल्या बाईच्या थर्मासमधला चहा प्यायले, साखर नसलेला, दूध दाखवलेला. (पुढच्या पार्सलमध्ये चहाचा मसाला, लिहून ठेव.)

दादाला एक सांगायचंय. ह्या फेस्टिवलच्या मागे पहिल्यापासून असलेल्या लेखिकांपैकी एक व्हॅल मॅकडर्मिड, स्कॉटलंडची, दरवर्षी चार अगदी नवीन लेखक निवडून त्यांना स्टेजवर बसवते, तो कार्यक्रम म्हणे भरतोच भरतो. पण दादाला सांगायचंय ते वेगळंच. डंडी युनिव्हर्सिटीला नवीन शवागार बांधायचं होतं, पैसे नव्हते, तर क्राइम लेखक एकत्र आले, वाचकांना सांगितलं पैसे द्या आणि आपल्या आवडत्या लेखकाला मत द्या, जो जिंकेल त्याचं नाव शवागाराला. दहा लाख पौंड जमवायचं ठरवलं होतं. आणि बाई जिंकल्या, तिथे खरोखर व्हॅल मॅकडर्मिड मॉर्च्युरी आहे. आपल्याकडे लेखकाचं नाव चौकाला देतात, फार तर बागेला. तिथे म्हणे थील नावाच्या पद्धतीने प्रेतं ठेवतात, त्यात शरीर फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर होतं तसं कडक होत नाही, सांधे हलतात, सर्जनना सराव करायला बरं पडतं. दादा, तू फर्स्ट इयरला घरी येऊन तीन दिवस जेवला नव्हतास फॉर्मॅलिनच्या वासाने, म्हणून खास तुझ्यासाठी. आई, आजीला हा पॅरा वाचलास का? वाचला असशीलच.

आपल्याकडच्या गोष्टी लिहिणारेपण आहेत बरं का इथे. वसीम खान म्हणून आहेत, लंडनचे, पण मुंबईत काही वर्षं नोकरी केलेली, त्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत पहिली बाई पोलीस इन्स्पेक्टर कल्पून तिच्यावर मालिका लिहिली, त्याला इथल्या क्राइम लेखकांच्या संघटनेचा डॅगर मिळाला २०२१ ला. डॅगर म्हणजे खंजीर, पुरस्काराचं नावच खंजीर. पुढे ते त्या संघटनेचे अध्यक्षपण झाले, आणि २०२३ ला ह्या फेस्टिवलचा कार्यक्रम ठरवणारे प्रमुखही तेच होते. मी त्यांचं पुस्तक घेतलं, मलबार हिल वगैरे वाचून एकदम बरं वाटलं, पण बाबा, मनात पहिलं काय आलं सांगू, की पुण्यावर कोण लिहिणार. आणि मग आठवलं की लिहिलंय की, सुहास शिरवळकरांनी लिहिलंय, आणि मराठीत म्हटलं तर अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, काळापहाड आणि झुंजार हे त्यांचे हिरो, आणि आम्ही ती किलोवर विकली.

हां, आता मुद्द्यावर येते. आई तू रागावू नकोस, ह्यात माझाच हात जास्त होता.

शनिवारी सकाळी एक कार्यक्रम होता खऱ्या गुन्ह्यांवर, म्हणजे खरे खून घेऊन त्यावर कादंबरी लिहावी का. एक लेखक पूर्वी पोलिसात डिटेक्टिव्ह होते, ते म्हणाले की मी खऱ्या केसमधलं काहीच घेत नाही, कारण ज्यांच्या घरात ते झालं ते लोक अजून त्याच गल्लीत राहतात, दुधाची बाटली उचलायला सकाळी दार उघडतात. आई, मला तू आठवलीस. १९७६ ची थंडी, तू बारा वर्षांची, जोशी-अभ्यंकर खून. तू दरवेळी सांगतेस तेव्हा खुनाचं काहीच सांगत नाहीस, फक्त दाराचं सांगतेस, संध्याकाळी सात वाजले की आजोबा कडी लावायचे, वरून कुलूप, आणि दारामागे पाटा-वरवंटा सरकवायचे, आणि लक्ष्मी रोड आठ वाजता असा की कुत्रं नाही. दहा माणसं मारली त्या खुन्यांनी, पोरंच होती कॉलेजातली, आणि १९८३ ला येरवड्याला फाशी झाली तेव्हा तू लग्नाच्या वयाची होतीस आणि तरी म्हणालीस की त्या रात्रीसुद्धा पाटा सरकवलेलाच होता. त्यामुळे बाबांच्या पुस्तकांवर ती मुखपृष्ठं, सुरा, रक्ताचा थेंब, किंचाळणारी बाई, ती तुला घरात का नको असायची ते मला कधी कळलंच नाही, मला वाटायचं तुला ती थिल्लर वाटतात. हॉलमध्ये बसल्या बसल्या कळलं. इतक्या उशिरा आणि इतक्या लांब, पण कळलं.

मला मात्र ती थिल्लरच वाटायची, ते माझं. २००९ ला सदाशिव पेठेतून कोथरूडला आलो तेव्हा दोन ट्रंका होत्या बाबांच्या, आणि मी सगळ्यात जास्त ओरडले होते की नवीन फ्लॅटमध्ये ही वाळवी नको, इंग्रजी मीडियममध्ये जात होते ना तेव्हा, अक्कल उतू चालली होती. रद्दीवाल्याने तागडी लावली, बाबा गॅलरीत उभे राहून पेपर वाचत होते, पान उलटलं नाही त्यांनी, तेवढं मला आठवतंय. दुसऱ्या दिवशी ती पिवळी पिशवी माळ्यावर गेलेली मी बघितली होती आणि कोणाला बोलले नाही. म्हणजे काहीतरी वाचवलंत तुम्ही बाबा. काय ते मला माहीत नाही.

तर शनिवारी दुपारचा कार्यक्रम होता शेवटावर. रहस्यकथेचा शेवट कसा करतात. दोन पार्ट्या असतात म्हणे, एक आधी सगळं आखून मगच लिहायला बसणारे आणि दुसरे ज्यांना स्वतःलाच माहीत नसतं खुनी कोण, लिहिता लिहिता सापडतो. एक बाई म्हणाल्या (नाव लिहीत नाही, पार्सल आलं की कळेल) की त्यांनी एकदा पूर्ण पुस्तक लिहून झाल्यावर खुनीच बदलला, कारण पहिला खुनी त्यांना आवडायला लागला होता. मग फक्त मागे जाऊन सहा-सात ठिकाणी चकवे पेरले. बाबा, तुम्ही हे ऐकलं असतं तर उठून बाहेर गेला असतात, तुमचा केवढा विश्वास की डिटेक्टिव्हला पहिल्या पानापासून माहीत असतं.

प्रश्न विचारायची वेळ आली आणि मला काय झालं माहीत नाही, माझा हात वर. टी-शर्ट घातलेली एक मुलगी माइक घेऊन पळत आली. मी उभी राहिले आणि तुमची गोष्ट सांगितली. जी तुम्ही दर लाइट गेल्यावर सांगायचात. १९७४, वाड्याच्या कोपऱ्यावरची ती लायब्ररी, दहा पैसे रोज, बीजगणिताच्या पुस्तकात लपवून आणलेली कादंबरी, कव्हर गेलेलं त्यामुळे नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. महाबळेश्वरचा बंगला, धुवांधार पाऊस, शेठजींचा खून. डॉक्टर, पुतण्या, दुसरी बायको, माळी. आणि शेवटी डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, काडी ओढतो, पाइप पेटवतो आणि म्हणतो, "खुनी ह्याच खोलीत आहे, आणि तो म्हणजे", आणि पान संपतं. पुढचं पान फाडलेलं. त्याच्या पुढे डायरेक्ट केसाच्या तेलाची जाहिरात. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाल्याकडे गेलात तर एक ते चार बंद, चारला गेलात तर तो म्हणाला पान फाटलंय म्हणजे तूच फाडलंस, चार आणे दंड. खुनी तर नाहीच मिळाला, वर दंड तुम्ही भरला.

अख्खा हॉल हसत होता बाबा. चार आण्यांचं मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही तरी हसत होते. मग मी विचारलं की तुम्ही शेवट न लिहिता पुस्तक सोडलं तर काय होईल, पण तो प्रश्न कोणी ऐकलाच नाही, कारण त्या खुनी बदलणाऱ्या बाई पुढे वाकल्या आणि मला म्हणाल्या, मग तुझ्या वडिलांना कोणाचा संशय होता?

आणि मी गप्प. माइक हातात, पाचशे लोक असतील नसतील, आणि मला माहीतच नाही. इतक्या वेळा ऐकली ही गोष्ट, प्रत्येक वेळी चार आण्यांना हसले, बाबा मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय वाटलं. "आय नेव्हर आस्क्ड" म्हटलं आणि खाली बसले. बाई म्हणाल्या, विचार आणि मला कळव.

नंतर सहीच्या लाइनमध्ये लागले. इथे लाइनमध्येच एक जण पिवळ्या चिठ्ठीवर तुमचं नाव स्पेलिंगसकट लिहून पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवतो, म्हणजे लेखकाला विचारत बसायला नको. मी चिठ्ठीवर फक्त बाबा लिहायला सांगितलं. माझा नंबर आला, बाईंनी चिठ्ठी बघितली, मला बघितलं, ओळखलं. त्यांच्या बोटाला काळी शाई लागलेली होती, मनगटावर क्रेप बँडेज, सह्या करून करून. पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर पुस्तक उलटं धरून शेवटची पानं अंगठ्याने फरफर मोजल्यासारखी केली, मग पुढे उघडून लिहिलं. इंग्रजीत आहे, मराठीत साधारण असं, "बाबांना, सगळी पानं आहेत, मी स्वतः तपासलीत, दंड भरू नका". आणि खाली सही, आणि सहीच्या खाली छोटा सुरा काढलाय, आई तेवढं माफ कर.

मी विचारलं तुम्हाला कोण वाटतं. त्या म्हणाल्या माळी नाही, माळी कधीच नसतो. डॉक्टर असावा, पण दुसऱ्या बायकोचं वय किती होतं ते कळल्याशिवाय त्या काही बोलणार नाहीत. मागच्या माणसाने खाकरायला सुरुवात केली म्हणून निघाले.

रविवारी काही विशेष नाही, पाऊस. बेटीज म्हणून तिथलं १९१९ पासूनचं प्रसिद्ध टी रूम आहे, एका स्विस माणसाने काढलेलं, तिथे लाइन लावून फॅट रास्कल नावाचा बनसारखा प्रकार खाल्ला, वर बदामाचे दात आणि चेरीचे डोळे, आजी तुला आवडला असता, मऊ असतो, दातांचं काम नाही. आणि आजी, हल्ली इथे कोझी क्राइम म्हणून प्रकार जोरात आहे, ज्यात रक्त नाही, मारामारी नाही, म्हातारी माणसं केक खात खात खुनी शोधतात. तुला एक आणते, दादा वाचून दाखवेल.

तर आता कामाचं. एक, माळ्यावरची पिवळी पिशवी, कुकरच्या खोक्यामागे, सुतळी न सोडता दादाच्या कपाटात ठेवायची. भाड्याच्या घरात जागा नसेल तर माझ्या कॉटखाली. आई, तुला ती मुखपृष्ठं बघायची नसतील तर नको बघू, खाकी कागदाचं कव्हर मी येऊन घालीन, शाळेच्या वह्यांना घालायचो तसं. त्यात काय आहे ते बाबांनी मला सांगायचं, पण फोनवर नाही, यादी करून लिहून पाठवायची. दोन, मी डिसेंबरमध्ये येतेय, फर्ग्युसनवर तो पुस्तक महोत्सव असतो तेव्हाच येतेय, बाबा आपण दोघं जाऊ, आणि अप्पा बळवंत चौकातपण जाऊ, जुन्यातलं काही मिळतं का बघू. जे विकलं त्यातलं थोडं तरी परत घेऊ, पैसे माझे. तीन, पुस्तकाचं पार्सल पाठवलंय, बाबा, तुमच्या हातात पडेपर्यंत आईने उघडायचं नाही. चार, बिल्डरचे पेपर दादाने नीट वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका, भाडं किती महिन्यांचं देतोय ते लेखी घ्या.

गुडघ्याचं तेल संपलं का सांग आजी.

तुमची,
चिऊ

ता. क. बाबा, दुसऱ्या बायकोचं वय किती होतं? आणि कोण वाटला होता तुम्हाला? डॉक्टर म्हणालात तर मी त्या बाईंना आजच मेल करते. पुतण्या असेल तर कारणासकट लिहा.